स्पेल्ट, खपली आणि निफाडचं एक एकर

गंगापूर रोडवरच्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांची मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. दिवाळीला येताना तिने स्पेल्ट नावाच्या गव्हाचं पीठ आणलं, तिकडे त्याला डिंकेल म्हणतात. पोळ्या बऱ्या झाल्या. आता घरात चार प्रश्न उभे राहिलेत. हे म्हणजे आपला खपली गहूच का? वडिलांना मधुमेह आहे, त्यांना चालेल का? वहिनींचं गहू खाल्ला की पोट बिघडतं, त्यांना हे सोसेल का? आणि भावाने निफाडजवळची जुनी द्राक्षबाग काढली आहे, तिथलं एक एकर मोकळं आहे. मुलीकडून बी मागवून तिथे स्पेल्ट पेरावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे अडकणार आहेत. स्पेल्ट पेरू नका. भावाला जुन्या जातीच्या गव्हाची हौस असेल तर खपली पेरा, आणि तीही दाण्यावरचं फोल कुठे काढून मिळणार हे नक्की झाल्यावरच. या पिकांचं सगळं गणित त्या फोलापाशी येऊन थांबतं. बाकीची उत्तरंही तिथूनच समजावून सांगतो.

आपण नेहमी खातो तो गहू, लोकवन असो, शरबती असो की निफाडच्या संशोधन केंद्राचा त्र्यंबक किंवा तपोवन, मळणी यंत्रातून निघाला की नागडा दाणा हातात येतो. भुसा एकीकडे, गहू एकीकडे. स्पेल्ट आणि खपलीचं तसं नाही. त्यांची ओंबी मळली की ती तुकड्या-तुकड्यांनी तुटते, आणि प्रत्येक तुकड्यात, म्हणजे खपलीत, दाणे फोलाच्या घट्ट कवचात तसेच बसलेले राहतात. एका खपलीत बहुधा दोन दाणे. नखाने सोलायला गेलात तर नख दुखेल. एवढ्या एका बाबतीत स्पेल्ट आणि खपली सख्ख्या बहिणी वाटतात, आणि म्हणून दुकानदार एकाचं नाव दुसऱ्याला सर्रास लावतात.

पण कूळ वेगळं आहे. गव्हाच्या घराण्यात तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात जुना एकदाणी गहू, आइनकॉर्न, त्याच्या पेशीत १४ गुणसूत्रं. दुसरी पायरी २८ गुणसूत्रांची: खपली, म्हणजे एमर, आणि रवा-शेवयांचा आपला बन्सी दोन्ही इथले. तिसरी ४२ ची: पोळीचा साधा गहू आणि स्पेल्ट. म्हणजे ताई, तुमच्या मुलीने आणलेलं पीठ कुळाने खपलीपेक्षा लोकवनला जवळचं आहे. खपली जवळची आहे बन्सीला. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण ‘आदिम, शुद्ध, संकर न झालेलं धान्य’ अशी स्पेल्टची जाहिरात त्यांनी वाचलेली असते. युरोपातलं स्पेल्ट तर एमर आणि साधा गहू यांच्या नैसर्गिक संकरातूनच आलं असावं, असं त्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास सांगतो. ४२ गुणसूत्रांचा गहू मुळात घडला तोच संकरातून. खपलीच्या जातकुळीचा गहू आणि कॅस्पियन समुद्राच्या आसपास उगवणारं एक रानगवत यांच्या मिलापातून. निसर्गाने केलेले संकर वजा केले तर तुमच्या ताटात पोळीच उरणार नाही. आणि फोल सुटणं न सुटणं हे बऱ्याच अंशी एका जनुकावर अवलंबून आहे. तो बदलला आणि दाणा मोकळा झाला. मग शेतकऱ्याने मोकळा दाणाच पुढे चालवला, त्याला दोष कोण देईल?

स्पेल्ट हे मध्य युरोपाचं पीक आहे: दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया. तुमची मुलगी राहते तो श्वाबियाचा मुलूख त्याचं जुनं घर. तिकडच्या थंड, ओलसर, हलक्या डोंगरी जमिनीत ते तग धरून राहिलं, कारण फोलाचं कवच दाण्याला पावसापासून आणि बुरशीपासून थोडं वाचवतं. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जर्मन साध्वीने त्याची फार स्तुती केली आहे. आजही तिकडच्या आरोग्यदुकानांत तिचं नाव छापलेलं सापडतं. बाडेन भागात स्पेल्ट हिरवं असतानाच कापून धुरावर वाळवतात, त्याला ग्रुनकर्न म्हणतात. आपण शेकोटीवर गव्हाच्या ओंब्या भाजतो त्याचाच थोरला भाऊ म्हणा, फक्त ते वर्षभर टिकवून सूपात घालतात. मुलीला पुढच्या खेपेला पिठाऐवजी ते आणायला सांगा, चवीला मजा आहे.

आता निफाडचं एकर. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, पारा घसरला की पहिली बातमी तिथलीच येते आणि द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करतात. त्यामुळे ‘थंडीचं पीक आहे, निफाडला जमेल’ असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की युरोपातलं बहुतेक स्पेल्ट हिवाळी प्रकाराचं आहे. ते ऑक्टोबरात पेरतात आणि पुढच्या जुलै-ऑगस्टात काढतात. मधल्या काळात काही आठवडे सलग, दिवसरात्र, गोठणबिंदूच्या थोडं वरची थंडी मिळाली तरच ते पानांवरून ओंबीकडे वळतं. आपल्याकडे पहाटे पारा सहा-सातवर गेला तरी दुपारी तो परत पंचविशीच्या पुढे असतो. रोपाच्या हिशेबी ती थंडी जमाच होत नाही. शिवाय दिवसाची लांबी: जूनमध्ये स्टुटगार्टला १६ तासांचा दिवस असतो, डिसेंबरात नाशिकला जेमतेम ११ तासांचा. परिणाम काय, तर हिरवंगार, जमिनीला बिलगलेलं, फुटवेच फुटवे असलेलं गवत. बघायला सुरेख. ओंबी मात्र दिसत नाही, आणि मार्चचं ऊन लागलं की ते जागच्या जागी पिवळं पडतं. हिवाळी गहू हौसेने लावून बघणाऱ्यांच्या शेतात हे चित्र हमखास दिसतं. वसंतात पेरायच्या स्पेल्टच्या जाती आहेत, पण थोड्या, आणि त्याही आपल्या छोट्या दिवसासाठी निवडलेल्या नाहीत.

बी मागवण्याबद्दल तर स्पष्टच सांगतो: बॅगेतून गव्हाचं बी आणू नये, पाव किलोही नाही. पेरणीसाठी बियाणं देशात आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदी जाच नाही. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर ब्लास्ट हा करप्याचा रोग आला, तो त्याआधी आशियात नव्हताच, दक्षिण अमेरिकेतला होता. तिथली उभी पिकं जाळावी लागली. भावाच्या शेजारी शेकडो एकर गहू आहे, त्या लोकांचा विचार करा.

खपलीकडे येतो. खपली इथलीच आहे: सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पलीकडे बेळगाव, धारवाड, विजापूर, तिकडे तिला जवे गोधी म्हणतात. कृष्णा-भीमेच्या काळ्या रानात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला आपली थंडी पुरते. आणि तिचा मोठा गुण म्हणजे तांबेऱ्याला, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाला, ती सहसा दाद देत नाही. हा गुण इतका पक्का की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या ई. सी. स्टॅकमन यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या १२ जातींचा संच ठरवला, त्यात एक ‘खपली’ होती, याच नावाने. ऑस्ट्रेलियात तिच्यातली रोगप्रतिकारशक्ती साध्या गव्हात उतरवली गेली. गंमत अशी की स्टॅकमन यांचे विद्यार्थी हरितक्रांतीवाले नॉर्मन बोरलॉग, आणि बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाच्या लाटेत साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडची खपली मागे पडली. जास्तीचं उत्पन्न सोडवेना.

जात कोणती? जुनी उंच गावठी खपली चवीला लोकांना आवडते, पण ती लोळते. आणि भावाच्या रानात ती नक्की लोळेल, याचं कारण त्याच रानात आहे. द्राक्षबागेच्या जमिनीत वर्षानुवर्षं शेणखत, पेंड, नत्र, स्फुरद ओतलेलं असतं. तिथे गहू जोमाने वाढतो, काड लांब आणि पोकळ होतं, आणि फेब्रुवारीत ओंबीत दाणा भरला असताना एक वारा आला की सगळं आडवं. म्हणून धारवाड कृषी विद्यापीठाच्या डीडीके १०२९ सारख्या किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस २९७१ या मध्यम उंचीच्या जातीकडे जा. माती परीक्षण करून घ्या आणि निदान पहिल्या वर्षी युरियाचं पोतं घरातच राहू द्या. साध्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असते. बाग काढलेल्या जमिनीत खपलीला त्याच्या आसपासही जाऊ नका. पानं पिवळी पडायला लागली तरच पहिल्या पाण्यासोबत थोडं द्या.

पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. हेच दिवस द्राक्षवाल्याच्या घरात सगळ्यात धावपळीचे, ऑक्टोबर छाटणीनंतरची विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), फवारण्या. भावाची बाकीची बाग उभी असेल तर गहू मागे पडणार आणि पेरणी डिसेंबरात जाणार, हे आधीच धरून बोला. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे मार्चच्या उन्हात चिरमटतात. खपली त्याला अपवाद नाही.

बी फोलासकटच पेरतात. कवच काढलेल्या दाण्याचा कोंब कांडताना दुखावतो, उगवण पडते. त्यामुळे बियाण्याच्या वजनात फोलाचं वजन धरा: साधा गहू एकरी ४० किलो लागत असेल तर खपली ५० च्या घरात. दोन ओळींत २० ते २२ सेंटीमीटर. एक गोष्ट पेरणीच्या वेळी डोळ्यांसमोर ठेवा, खपलीचं बी पेरणी यंत्राच्या नळीत अडकतं. ती चपटी, कुसळाचा बुडखा राहिलेली, एकमेकींत गुंतणारी जिन्नस आहे. गव्हासारखी सरसर वाहत नाही. आदल्या दिवशी बी गोणपाटावर चोळून, चाळून घ्यायचं आणि ट्रॅक्टरमागे एक माणूस नळ्यांवर लक्ष ठेवायला चालवायचा. तो माणूस नसेल तर उगवणीनंतर रानात मोकळ्या पट्ट्या दिसतील.

पाण्याचं: पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. हे चुकवायचं नाही. पुढे कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५ आणि दाणा दुधात असताना ८० ते ८५. कालव्याच्या आवर्तनावर असाल तर या तारखा जमतीलच असं नाही, पण बागेची विहीर आणि ठिबक आहेच तुमच्याकडे, त्यावर एक एकर निघतं. दाणा भरताना वारा असेल तर पाणी द्यायला एक दिवस थांबलेलं बरं, ओल्या रानात पीक पटकन लोळतं.

काढणी मार्चमध्ये, म्हणजे पुन्हा द्राक्षाच्या काढणीत आणि गारपिटीच्या भीतीत. खपली पूर्ण वाळली की ओंबीचा कणा ठिसूळ होतो, हात लावला तरी खपल्या गळतात. म्हणून सकाळी, थोडा दमटपणा असताना कापा, भर उन्हात नको.

इथपर्यंतचं कुठलाही गहू पिकवणारा शेतकरी करू शकतो. खरी अडचण पुढे आहे. मळणी यंत्रातून तुम्हाला मिळेल ते फोलातल्या खपल्यांचं पोतं, मोकळ्या दाण्याचं नाही. ते निफाडच्या किंवा लासलगावच्या बाजारात न्या, व्यापारी मूठभर हातात घेऊन बघेल आणि परत पोत्यात टाकेल. त्याला फोल काढायला कुठे जायचं हे माहीत नाही, घ्यायचं कशाला. सांगली-बेळगाव पट्ट्यात खपली सडून, म्हणजे कांडून फोल काढून, देणारे लोक आहेत, तिकडे हे रोजचं काम आहे. आपल्याकडे नाही. मग दोन वाटा उरतात. एक तर माल गाडीत घालून तिकडे न्यायचा. किंवा घोटी-इगतपुरीकडच्या एखाद्या भातगिरणीवाल्याशी बोलायचं. तिथल्या रबरी रोलरच्या यंत्रावर खपली निघते, पण भाताच्या मापावर ठेवलेल्या रोलरमध्ये टाकली तर अर्धी कणी होते, कारण खपलीत दोन दाणे असतात आणि ती भाताच्या साळीपेक्षा जाड असते. रोलरमधलं अंतर वाढवायचं, पहिल्या फेरीत निघेल ते चाळून बाजूला काढायचं, उरलेल्या खपल्या परत घालायच्या. दोन-तीन फेऱ्या लागतात. भाताचा हंगाम ओसरल्यावर, एप्रिलमध्ये, गिरणीवाल्याला वेळही असतो. पेरणीच्या आधी कुठूनतरी दहा-वीस किलो फोलासकट खपली मिळवा, त्या गिरणीत नेऊन समोर उभं राहून काढून बघा. साबूत दाणा किती, कणी किती, न सुटलेल्या खपल्या किती, तिन्ही वजनं लिहून ठेवा. गिरणीवाला ‘नंतर बघू’ म्हणाला तर पेरूच नका. आणि तो वर पॉलिशही मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. कोंडा गेला की ज्यासाठी लोक दुप्पट पैसे देतात तेच गेलं.

हिशेब मांडून दाखवतो. समजा एकरी फोलासकट १२ क्विंटल खपली झाली. फोलाचं वजन साधारण २५ ते ३० टक्के. ३० धरलं तर ३.६ क्विंटल गेलं, राहिलं ८.४. त्यातली कणी, धूळ, न सुटलेला माल वेगळा काढून विकण्याजोगा साबूत दाणा साडेसात क्विंटल धरा. त्याच रानात साधा गहू नीट केला तर १८ क्विंटल धरायला हरकत नाही. २०२५-२६ च्या विक्री हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. त्या दराने झाले ४३,६५० रुपये. एवढेच पैसे खपलीच्या साडेसात क्विंटलमधून काढायचे तर क्विंटलला ५,८२० रुपये, म्हणजे किलोला ५८ रुपयांच्या वर दर मिळाला पाहिजे. हे नुसतं बरोबरीत येणं झालं. सडण्याचं भाडं, वाहतूक, पिशव्या, आणि तुमच्या ओळखीतल्या पन्नास घरांना फोन करायचा वेळ, हे त्याच्यावर. शहरात थेट घरोघर विकलं तर हा दर मिळतो, आडतीवर मिळत नाही. तुम्ही गंगापूर रोडला राहता, विक्री तुमच्याकडून होणार असेल तर एक एकर जरूर करा. भावाने पिकवायचं आणि बाजार बघून घेईल असं असेल तर त्याला हरभरा करू द्या.

एक सोय मात्र फोलाने होते. फोलासकट ठेवलेल्या खपलीला सोंडे-किडे लवकर लागत नाहीत. सगळा माल एकदम सडून ठेवू नका, मागणीप्रमाणे महिन्या-दोन महिन्यांचा काढा. पीठ तर पंधरा दिवसांच्या वर ठेवू नये. अंकुरातलं तेल खवट होतं आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, खपलीला वासच येतो.

आता स्वयंपाकघर. वडिलांच्या मधुमेहाबद्दल लोक तुम्हाला छातीठोकपणे सांगतील की खपलीने साखर वाढत नाही. वाढते. गहूच आहे तो, त्यात भरपूर पिष्ट आहे. साध्या गव्हापेक्षा काही जणांत ती सावकाश चढते, त्याला आधारही आहे. दाणा कडक असतो, चोथा आणि प्रथिनं जास्त असतात. पण बारीक दळून, चाळून, मऊसूत फुलके केले की त्यातला बराचसा फायदा गिरणीतच राहतो. जाडसर दळा, चाळू नका. त्याहून बरं म्हणजे दलिया किंवा अख्खे दाणे भिजवून शिजवणं. आणि वडिलांना खरंच फरक पडतो का हे घरीच कळेल: एक दिवस नेहमीच्या दोन पोळ्या, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या कणकेच्या खपलीच्या दोन, भाजी-आमटी तीच, औषध तेच, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघा. एका दिवसावर जाऊ नका, तीन-चार वेळा करा. आकडे डॉक्टरांना दाखवा, गोळी आपल्या मनाने कमी करू नका. स्पेल्टच्या पिठालाही हेच लागू.

वहिनींचा प्रश्न जास्त नाजूक आहे. स्पेल्टमध्ये ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं गव्हातलं प्रथिन, आहे. खपलीतही आहे. प्रमाणही काही कमी नाही. जुन्या फोलवाल्या गव्हांत एकूण प्रथिनं बऱ्याचदा साध्या गव्हापेक्षा जास्तच असतात, फक्त त्या ग्लूटेनची बांधणी सैल असते. हरितक्रांतीच्या गव्हात ग्लूटेन ‘घातलं’ हे तर निव्वळ सांगोवांगी आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलच्या नियमांत ग्लूटेन असलेल्या धान्यांच्या यादीत गहू, राय, बार्ली, ओट्स यांच्या जोडीला स्पेल्टचं नाव लिहिलेलं आहे. त्यामुळे वहिनींना सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल तर खपली, स्पेल्ट, बन्सी, सगळं सारखंच वर्ज्य. असेल की नाही, हे रक्ताच्या तपासणीने कळतं, पण ती तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधी दोन-तीन महिने गहू बंद केला आणि मग रक्त दिलं तर अहवाल फसवा येऊ शकतो. बरेच जण नेमकं हेच उलट करतात.

सीलिअॅक नसेल आणि नुसतं पोट फुगत असेल, तर कारण ग्लूटेनऐवजी गव्हातली फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असू शकतात. ती आंबवल्याने कमी होतात. जर्मनीत स्पेल्टचा पाव रात्रभर आंबवून करतात, तो काही जणांना सोसतो त्यामागे हेच आहे. तुमच्या घरी वहिनींना तो पाव सोसला आणि तुम्ही त्याच पिठाची घडीची पोळी करून दिली, तर पोट पुन्हा तक्रार करू शकतं. आणि गव्हाला पूर्ण पर्याय हवा असेल तर युरोपात कशाला जायचं? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरात नागली आणि वरई पिकते, दोन्हींत ग्लूटेन नाही. फक्त दळण सांभाळा. गव्हाच्या पाठोपाठ त्याच चक्कीत नागली दळली की पहिल्या दोन-चार किलोंत गव्हाचं पीठ उतरतंच. सीलिअॅकवाल्या घरात वेगळी घरघंटी ठेवावी लागते.

पीठ मळायचं कसं, कारण तुमच्या पोळ्या ‘बऱ्या’ झाल्या म्हणालात, चांगल्या नाही. स्पेल्टची कणीक ताणली की लांब जाते पण परत आखडत नाही, आणि जास्त तिंबली की सैल पडून पोळपाटाला चिकटते. नेहमीपेक्षा पाणी कमी घ्या, हलक्या हाताने गोळा होईपर्यंतच मळा. खपलीचं उलट: दाणा काचेसारखा कडक, पीठ रवाळ, ते पाणी सावकाश पितं. कोमट पाण्यात, थोडं तेल घालून मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पोळी जरा जाड लाटा, कडा चिरतात. गरम असताना खा, डब्यात ती कडक होते. मांडे मात्र दोन्हींचे होणार नाहीत, हातावर तेवढी चिवट पारी तोलली जात नाही. पुरणपोळीला खपली चालते, तिच्या तांबूस पारीला वेगळा खमंगपणा येतो. पण खपलीचा खरा दिमाख खिरीत: रात्रभर भिजवलेले सडलेले दाणे, गूळ, खोबरं, खसखस, वेलची, आणि दाणा शिजूनही दाताखाली जागा राहतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे सणाला ही खीर करतात, तिकडे तिला हुग्गी म्हणतात. घरच्यापुरती किलोभर खपली असेल तर गिरणीची गरजही नाही: पाण्याचा हबका मारून, थोडं मुरू देऊन उखळात हलक्या हाताने कांडायची आणि सुपाने पाखडायची.

बाजारातून घेताना फसू नये म्हणून दाणा बघायला शिका. खपलीचा दाणा लांबट, सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळता, रंग तांबूस-करडा. आडवा ठेवला तर पाठीला कुबड दिसतं आणि पोटाची बाजू सपाट. बन्सी टपोरा आणि मधाच्या रंगाचा असतो, शरबती गोलसर. मूठभर घेऊन पांढऱ्या ताटलीत पसरा, भेसळ असेल तर डोळ्याला लगेच दिसते. एखाद-दुसरी न सुटलेली खपली त्यात आढळली तर नाराज होऊ नका, उलट विश्वास ठेवा. सडलेल्या मालात ती राहतेच. पीठ घेतलं तर यातलं काहीच तपासता येत नाही, म्हणून दाणे घ्या आणि दळून आणा.

भावाने करायचं ठरवलंच तर साडेतीन क्विंटल फोल त्याच्या अंगणात पडेल, त्याचंही सांगून ठेवतो. जनावरांना ते एकटं घालू नये, खरखरीत असतं, तोंडाला बोचतं. कुट्टीत थोडं मिसळून चालतं. जर्मनीत स्पेल्टचं फोल उशांत भरतात आणि त्या चांगल्या महाग विकतात, मुलीला विचारा. निफाडात ते उभ्या बागेत द्राक्षाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावं. हलकं असल्याने वाऱ्यावर उडतं, तेव्हा पसरल्यावर लगेच वरून पाणी मारावं.